सालईचा खडा आणि अकरावा कार्बन

काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन सालईचा डिंक मागितला, की दुकानदार आधी विचारतो, "धुपाला हवा की औषधाला?" डबा बहुधा एकच असतो. औषधाला म्हटलं तर तो जरा निवडून, साली-काड्या बाजूला करून खडे देतो, एवढाच फरक.

त्यातला एक खडा तळहातावर घेऊन बघा. पिवळसर, कडेला मधासारखा पारदर्शक, मध्येच कुठे सालीचा कपचा अडकलेला. हाताच्या उबेनं तो हळूहळू चिकट होतो. चार थेंब पाणी घालून सहाणेवर उगाळला, तर पांढरं दूध निघतं. निखाऱ्यावर टाकला, तर आधी लिंबू आणि देवदाराच्या मधला कुठला तरी वास येतो आणि मग दाट धूर. एकाच खड्याची ही तीन वागणी तीन वेगळ्या घटकांमुळे आहेत. दूध होतं ते पाण्यात विरघळणाऱ्या डिंकामुळे, चिकटपणा राळेचा आणि पहिला वास उडून जाणाऱ्या तेलाचा. खड्यातला निम्म्याहून अधिक भाग राळेचा असतो आणि या एकट्या राळेतच कितीतरी वेगवेगळे रेणू दाटीवाटीनं बसलेले असतात.

आता दुसरं चित्र. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या डॉक्टरांनी २०११ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. मेंदूत कर्करोगाची गाठ असलेले ४४ रुग्ण किरणोपचार घेत होते. अशा वेळी गाठीभोवती मेंदूला सूज येते, डोकं दुखतं, हातापायातली ताकद जाते. चिठ्ठ्या टाकून काहींना रोज ४२०० मिलिग्रॅम सालईच्या राळेचा अर्क आणि काहींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या गेल्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही. किरणोपचार संपल्यावर एमआरआय काढला. अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांची सूज पाऊण हिश्शाहून जास्त उतरली होती. दुसऱ्या गटात असे रुग्ण २६ टक्के होते.

चाचणी लहान होती आणि तिनं कुणाचा आजार बरा केल्याचा दावाही केलेला नाही. पण तिच्यामुळे एक साधा आणि अवघड प्रश्न समोर येतो. त्या कॅप्सूलमध्ये राळेतले सगळेच रेणू गेले होते. त्यातल्या कोणी काम केलं?

गजभक्ष्या

सालई म्हणजे संस्कृतातली शल्लकी, वनस्पतिशास्त्रातली बॉस्वेलिया सेराटा. सातपुड्याच्या, मेळघाटाच्या उतारांवर जिथे माती पातळ आणि खडक वर आलेला, तिथे ही झाडं उभी असतात. उन्हाळ्यात पान झडून गेलं की नुसती राखाडी-पिवळी खोडं दिसतात आणि त्यांच्यावरून कागदासारखे पापुद्रे सुटत असतात. हत्तींना तिचा पाला आवडतो, म्हणून निघंटूंमध्ये तिचं एक नाव गजभक्ष्या. कागदाशी असलेलं नातं तर पापुद्र्यांपुरतं राहिलं नाही. बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राचा कागद करायला सालईचंच लाकूड वापरलं जाई.

डिंक काढायचा तर खोडावरची साल पातळ तासतात. जखमेतून पांढरट रस पाझरतो, हवेत घट्ट होतो आणि काही दिवसांनी तो खरवडून घेतात. झाडाच्या दृष्टीनं हा जखमेवरचा लेप आहे. कीड, बुरशी, जंतू आत शिरू नयेत म्हणून झाडानं तो अनेक रसायनांनी भरलेला असतो. माणसाला त्यातलं एखादं उपयोगी पडतं हा आपल्या बाजूचा योगायोग. झाडाला ती सगळीच हवी असतात, म्हणून ती एकमेकांत इतकी मिसळलेली असतात.

'सूज' या एका शब्दात दोन गोष्टी

पुढे जाण्याआधी भाषेतला एक गुंता सोडवून घेऊ. "त्याच्या मेंदूला सूज आली" असं आपण म्हणतो, तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात बांधतो. एक म्हणजे पाणी साठून तो भाग फुगणं. फ्रायबुर्गच्या एमआरआयमध्ये मोजली ती ही सूज. दुसरी म्हणजे दाह, शरीराच्या संरक्षणव्यवस्थेनं पेटवलेली आग. दाहातून पाणी साठू शकतं, पण दोन्ही एकच नव्हेत. औषधाचा शोध घेताना आपण यातलं काय मोजतोय हे विसरलं, की निष्कर्ष हातचा सुटतो.

मेंदूतल्या दाहाचा मुख्य कारभारी म्हणजे मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. स्पेनच्या पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ साली चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून त्या पहिल्यांदा स्वच्छ दाखवल्या. मेंदूतल्या दर दहा पेशींमागे जेमतेम एक मायक्रोग्लिया. तिला कोळ्यासारखे बारीक, फाटे फुटलेले हात असतात आणि ती ते सतत हलवत, आसपासच्या चेतापेशी चाचपत असते. जंतू, मेलेली पेशी, चुकीचा गुंडाळलेला प्रथिनाचा गोळा असं काही सापडलं की ती हात आखडते, गोल होते आणि नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा अशी रसायनं सोडू लागते. थोडा वेळ हे हवंच असतं. पण आग विझवायची वेळ झाली तरी ती धुमसत राहिली, तर शेजारच्या धडधाकट चेतापेशीही होरपळतात. अल्झायमर, पार्किन्सन, डोक्याला मार बसल्यानंतरचं नुकसान या सगळ्यांत अशा रेंगाळलेल्या दाहाचा हात असल्याचं दिसतं.

म्हणजे शोध आहे तो ही आग पुरती न विझवता आवरणाऱ्या रेणूचा.

गर्दी पांगवायची कशी

एका मिश्रणातून घटक सुटे करण्याचं तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. मीठ पाण्यात उतरतं, हिंग तेलात. सालईचा खडा आधी थंड करून कुटतात, कारण गरम असताना तो खलालाच चिकटतो. ही पूड अल्कोहोलमध्ये घुसळली की राळ आणि तेल त्यात उतरतं आणि डिंक तळाशी राहतो. वेगळ्या पुडीवरून वाफ सोडली, तर सुगंधी तेल वाफेसोबत निघून येतं. राळेतले जड रेणू या वाफेबरोबर येत नाहीत. बाजारात बाटलीत मिळणाऱ्या सालईच्या किंवा लोबानाच्या सुगंधी तेलात म्हणूनच या प्रकरणाचे नायक असलेली आम्लं नसतात, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

राळेतली आम्लं काढण्याची युक्ती आणखी सोपी. आम्लाला अल्कली भेटली की त्याचा क्षार होतो आणि तो पाण्यात विरघळतो. अल्कलीच्या पाण्यात राळ घुसळायची, न विरघळलेलं गाळून टाकायचं आणि गाळलेल्या पाण्यात आम्ल टाकायचं. नितळ पाणी एकदम दह्यासारखं फुटतं आणि पांढरा साका खाली बसतो. ही बॉस्वेलिक आम्लं. या नावाचं आम्ल राळेतून पहिल्यांदा १८९८ साली वेगळं केलं गेलं होतं.

पण तो साका म्हणजे अजूनही एक कुटुंब असतं, एक माणूस नव्हे. भावंडं सुटी करायला लागते ती वर्णलेखनाची रीत. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची पूड भरली, वर पानांचा अर्क ओतला आणि वरून द्रावक सोडत राहिला. हिरवा अर्क खाली सरकता सरकता हिरव्या, पिवळ्या, नारिंगी पट्ट्यांमध्ये फाकला. जो रेणू खडूला जास्त चिकटतो तो मागे राहतो, जो द्रावकात रमतो तो पुढे पळतो. वारीत सगळे एकाच रस्त्यानं निघतात, पण दर मुक्कामाला जो थांबतो तो मागे पडतो, तसंच हे. आज खडूच्या जागी सिलिका आहे, नळीत दाबानं द्रावक ढकलणारा पंप आहे, तत्त्व मात्र तेच.

झटपट पाहायचं असेल तर काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर देतात, खाली अर्काचा ठिपका ठेवतात आणि पट्टीचं टोक द्रावकात बुडवतात. टीपकागदावर शाई चढावी तसं द्रावक वर चढतं. पट्टी वाळवून अतिनील दिव्याखाली धरली की हिरवट चमकणाऱ्या थरावर काही काळे ठिपके दिसतात. तिथेच थांबलात तर फसाल. याच पट्टीवर ॲनिसाल्डिहाइड आणि गंधकाम्लाचं मिश्रण फवारून ती तापवली, की दिव्याला न दिसलेल्या जागी जांभळे ठिपके उमटतात. ते तिथे आधीही होतेच, फक्त दिव्याला दिसत नव्हते.

एका ऑक्सिजनचा फरक

दिव्याला काही दिसतात आणि काही नाहीत, याचं कारण फार बारीक आहे. आर. एस. पारधी आणि एस. सी. भट्टाचार्य या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७८ साली सालईच्या राळेतली चार आम्लं सुटी करून त्यांची रचना मांडली. त्यातली दोन या गोष्टीला पुरेशी आहेत. एक बीटा-बॉस्वेलिक आम्ल. दुसऱ्याचं नाव लांबलचक आहे, ॲसिटिल-११-कीटो-बीटा-बॉस्वेलिक आम्ल. सगळे त्याला 'आक्बा' म्हणतात, आपणही म्हणू.

दोन्हींचा सांगाडा एकच, एकमेकांना जोडलेली पाच कड्यांची कार्बनची साखळी. फरक दोन ठिकाणी. आक्बाला तिसऱ्या कार्बनवर ॲसिटिलचं शेपूट आहे आणि अकराव्या कार्बनवर एक ऑक्सिजन चिकटलेला आहे. हा ऑक्सिजन शेजारच्या दुहेरी बंधाशी मिळून अतिनील प्रकाश शोषतो, म्हणून आक्बा दिव्याखाली काळा दिसतो. बीटा-बॉस्वेलिक आम्लाकडे तो नाही, म्हणून ते लपून राहतं. शंभर ग्रॅम डिंकातून आक्बा निघतो तो साधारण एखाद-दोन ग्रॅम, फार तर थोडा जास्त. बीटा-बॉस्वेलिक आम्ल त्याहून विपुल.

अकराव्या कार्बनवरचा हा ऑक्सिजन लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक वळणावर तो भेटणार आहे.

पहिला निकाल: आक्बा जिंकला

सालईच्या अर्काची आधुनिक तपासणी जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत झाली. जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात उंदरांच्या पंजात कॅराजिनन हा समुद्री शेवाळातला पदार्थ टोचून सूज आणली होती. अर्क दिलेल्या उंदरांचा पंजा कमी सुजला. म्हणजे अर्क काहीतरी करतो हे नक्की झालं. कोणता रेणू करतो, हे पंजा सांगू शकत नाही.

ते सांगितलं जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात हेर्मान आमोन यांच्या गटानं. पांढऱ्या रक्तपेशींमध्ये ५-लिपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. ते ल्युकोट्रिन नावाचे रेणू तयार करतं आणि त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं, दाह भडकतो. राळेतून सुटं केलेलं एकेक आम्ल या पेशींना देऊन ल्युकोट्रिन किती कमी होतात ते त्यांनी मोजलं. १९९२ साली निकाल लागला. सगळी भावंडं थोडीफार काम करत होती, पण अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन असलेला आक्बा सगळ्यांत प्रबळ ठरला.

तेव्हापासून बाजारात आक्बाचं राज्य आहे. डब्यांवर "३० टक्के आक्बा" असं ठळक छापतात. काही डब्यांवर "६५ टक्के बॉस्वेलिक आम्लं" असतं. तो आकडा साध्या अल्कलीच्या टायट्रेशननं काढलेला असेल, तर त्यावरून एवढंच कळतं की आत आम्लं किती आहेत. कोणती आहेत आणि ती सालईचीच आहेत का, हे टायट्रेशनला समजत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर प्रकरण छोटं झालं असतं.

गुलाबी रंगाचे सापळे

दाह मेंदूचा असेल तर तपासणीही मेंदूच्या पेशींवर हवी. जगभरच्या प्रयोगशाळांत यासाठी एक ठरलेली पद्धत आहे. उंदराच्या मायक्रोग्लियांपासून १९९० साली तयार झालेली, न मरता वाढत राहणारी बीव्ही-२ नावाची पेशींची जात बशीत वाढवतात. तिला भडकवायला ई. कोलाय जंतूच्या कवचातला एलपीएस हा पदार्थ घालतात. पेशी चिडतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याचं नायट्राइट होतं. मग घालतात ग्रीसचं अभिकारक. पेटर ग्रीस हा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात काम करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. त्यानं शोधलेल्या या अभिक्रियेत नायट्राइट भेटलं की द्रावण गुलाबी होतं. बशीतल्या ९६ खळ्यांपैकी जिथे गुलाबी गडद तिथे दाह जास्त, जिथे फिकट तिथे अर्कातला तो अंश कामाचा. फिकट अंश उचलायचा, पुन्हा नळीतून सोडायचा, त्याचे तुकडे करायचे, पुन्हा पेशींना विचारायचं. असं करत करत एका रेणूपर्यंत पोहोचायचं.

हे सगळं दिसायला फार नेटकं. पण फिकट गुलाबी बघून फसायला तीन कारणं पुरतात.

पहिलं, पेशी मेल्या असतील. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही, म्हणून विषारी पदार्थसुद्धा इथे औषध वाटतो. यावर उपाय म्हणजे शेजारच्याच बशीत पेशी जिवंत आहेत का ते पाहणं. जिवंत पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करते, मेलेली करत नाही.

दुसरं, उंदीर आणि माणूस. उंदराचा मायक्रोग्लिया नायट्रिक ऑक्साइड भरभरून सोडतो, माणसाचा फारच हात राखून. बशीतलं यश माणसाच्या मेंदूला लागू होईलच असं नाही.

तिसरं कारण सालईच्या गोष्टीत खरोखरच घडलं. ऑलिव्हर वेर्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की बीटा-बॉस्वेलिक आम्ल थेट एलपीएसलाच चिकटतं. पेशीला शांत करायच्या ऐवजी ते पेशीला चिडवणाऱ्यालाच वाटेत धरून ठेवतं. पेशींना एलपीएसच्या जागी इंटरफेरॉन-गॅमा देऊन भडकवलं, तेव्हा हा परिणाम दिसेना. आणि एलपीएसला धरण्याचं काम जमत होतं ते अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन नसलेल्यांना. आक्बाला ते फारसं जमत नव्हतं.

मग हा परिणाम खोटा म्हणायचा का? मेंदूतल्या जुनाट दाहाचं औषध शोधत असाल तर हो, तुम्ही फसलात. पण जंतूंच्या विषानं भडकलेल्या दाहाबद्दल विचारत असाल, तर विषालाच धरणारा रेणू हे मोलाचं उत्तर आहे. पेशी तीच, रंगही तोच. प्रश्न बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो.

बशीतून रक्तात, रक्तातून मेंदूत

आक्बाचा खरा पराभव झाला तो माणसाच्या रक्तात. अर्क गिळल्यावर रक्त काढून तपासलं, तेव्हा आक्बा नावापुरता सापडला. बीटा-बॉस्वेलिक आम्ल मात्र त्याच्या कितीतरी पट होतं. शिवाय आक्बा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो आणि मोकळा उरतो तो आणखी थोडा. ५-लिपॉक्सिजनेजला अडवायला बशीत जेवढा लागला होता, तेवढा रक्तात पोहोचतच नव्हता. जेवणानं फरक पडतो हेही दिसलं. रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा तेलातुपाच्या जेवणासोबत घेतल्यावर ही आम्लं रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरली. औषध कशासोबत घ्यायचं या प्रश्नाला आपल्याकडे 'अनुपान' असा स्वतंत्र शब्द आहे आणि इथे त्याचं रसायनशास्त्र डोळ्यांनी दिसतं.

रक्तात पोहोचलं म्हणजे मेंदूत पोहोचलं असं नाही. पॉल एर्लिख यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ साली उलट केलं. मेंदूभोवतीच्या द्रवात रंग टोचला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. मध्ये भिंत आहे हे त्यावरून कळलं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की साधारण ४०० ते ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू क्वचितच पार होतात. जे शिरतात त्यांतल्या अनेकांना पंप परत बाहेर फेकतात. बीटा-बॉस्वेलिक आम्लाचं वजन सुमारे ४५७, आक्बाचं सुमारे ५१३. दोघंही उंबरठ्यावरचे. अर्क दिलेल्या उंदरांच्या मेंदूत बॉस्वेलिक आम्लं सापडली आहेत, म्हणजे दार अगदी बंद नाही. पण गाठीभोवतीच्या सुजेत ही भिंत आधीच गळकी झालेली असते. फ्रायबुर्गच्या रुग्णांत दिसलेला परिणाम अल्झायमरच्या रुग्णाला आपोआप लागू का होत नाही, त्याचं एक कारण हे.

गळाला कोण लागलं

रेणूचं नाव कळलं तरी तो पेशीत कोणाला धरतो हे कळल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. वेर्झ यांच्याच गटानं त्यासाठी मासेमारीची रीत वापरली. बॉस्वेलिक आम्ल बारीक मण्यांना कायमचं चिकटवायचं, ते मणी पेशींच्या रसात घोळवायचे, धुऊन काढायचे आणि मण्यांना चिकटून राहिलेली प्रथिनं कोणती ते पाहायचं. गळाला दोन मोठे मासे लागले. एक कॅथेप्सिन-जी हे पांढऱ्या पेशींतलं एन्झाइम आणि दुसरं दाह भडकवणारा प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करणाऱ्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम. आणि या कामांना बीटा-बॉस्वेलिक आम्लाचं रक्तात जेवढं प्रमाण सापडतं तेवढं पुरेसं होतं. जो बशीत मागे पडला, तोच शरीरात कामाचा माणूस निघाला.

आक्बाची बाजू मात्र अजून संपली नव्हती. २०२० साली ५-लिपॉक्सिजनेज आणि आक्बा यांचा एकत्र स्फटिक तयार करून क्ष-किरणांनी त्याची रचना पाहिली गेली. आक्बा एन्झाइमच्या कामाच्या जागी बसलेला नव्हताच. तो दोन भागांच्या मधल्या सांध्यात, बऱ्याच दूर, बसला होता आणि तिथून तो एन्झाइमची चालच बदलत होता. ल्युकोट्रिन कमी झाले आणि त्याच कच्च्या मालातून दाह आवरणाऱ्या रेणूंकडे जाणारी वाट मोकळी झाली. आग पुरती न विझवता आवरणारा रेणू हवा, असं आपण सुरुवातीला म्हटलं होतं. तसा तो बशीत तरी निघाला. रक्तात पुरेसा उतरत नाही, ही अडचण तेवढी उरली.

झाड कोणतं होतं?

आणखी एक वळण. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलम यांच्यासह काम करणाऱ्या गटानं २००७-०८ मध्ये बॉस्वेलियाच्याच राळेतून इन्सेन्सोल ॲसिटेट नावाचा वेगळाच रेणू काढला. भांगेतला टीएचसी १९६४ साली सुटा करणारे हेच मेशुलम. डोक्याला मार बसलेल्या उंदरांमध्ये या रेणूनं दाह कमी केला. तो आकारानं लहान, ३४९ डाल्टनचा आणि स्निग्ध, म्हणजे मेंदूच्या भिंतीसाठी सोयीचा.

ही बातमी वाचून सालईचा डबा घ्यायला धावलेल्याची मात्र निराशा होईल. ती राळ अरबस्तान-आफ्रिकेकडच्या बॉस्वेलियाची होती. इन्सेन्सोल ॲसिटेट मुख्यतः आफ्रिकेतल्या पॅपिरिफेरा जातीची खूण मानतात. सालईच्या राळेत त्याचा नातेवाईक सेराटोल आहे आणि तोही पारधी-भट्टाचार्य यांनीच १९७८ साली ओळखला होता. म्हणून कोणत्याही वनौषधीच्या शोधाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते. ती असते वाळवून, दाबून, तारीख-जागा लिहून वनस्पतिसंग्रहात ठेवलेल्या फांदीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे. अर्क कोणत्या झाडाचा, कोणत्या जंगलातला, हे सांगणारी ती फांदी नसेल, तर पुढचे सगळे आकडे अधांतरी राहतात.

हळदीचा धडा

वाचकाच्या मनात एव्हाना हळद आली असेलच. सांगलीच्या बाजारात जिचे सौदे होतात, त्या हळदीतलं पिवळं द्रव्य १८१५ साली वेगळं झालं आणि १९१० साली त्याची रचना कळली. हे कर्क्युमिन. बशीत ते जवळजवळ कोणत्याही दाहाला आवरताना दिसतं आणि संशय तिथेच यायला हवा. कर्क्युमिन स्वतः चमकतं, म्हणून प्रकाशानं मोजणाऱ्या चाचण्यांना चकवतं. ते अनेक प्रथिनांना अंदाधुंद चिकटतं आणि पाण्यात काही मिनिटांत मोडतं. औषध-रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली त्याचा परखड आढावा घेतला आणि १२० हून अधिक मानवी चाचण्यांनंतरही नीट आखलेल्या एकाही चाचणीत ठोस यश नसल्याचं नोंदवलं. रोजच्या फोडणीतल्या हळदीशी या भांडणाचा संबंध नाही. धडा एवढाच, की प्रत्येक कुलपाला लागणारी किल्ली दिसली तर आधी ती किल्ली नसून तार तर नाही ना, हे पाहावं.

पुन्हा दुकानात

तर फ्रायबुर्गच्या कॅप्सूलमध्ये कोणी काम केलं? आक्बा बशीतल्या ५-लिपॉक्सिजनेजपुढे सर्वांत प्रबळ आहे. बीटा-बॉस्वेलिक आम्ल रक्तात विपुल आहे आणि दाहाच्या दुसऱ्या दोन साखळ्या धरतं. कदाचित दोघं मिळून एकट्यापेक्षा जास्त करत असतील. ते तपासायची पद्धतही ठरलेली आहे. सुटे केलेले रेणू मूळ प्रमाणात पुन्हा मिसळायचे, एकेक वगळून पाहायचं आणि कोणाच्या गैरहजेरीत काम अडतं ते शोधायचं. सालईच्या राळेला युरोपात २००२ साली गाठीभोवतीच्या सुजेसाठी दुर्मीळ आजारावरच्या औषधाचा दर्जा मिळाला. हा दर्जा संशोधनाला उत्तेजन म्हणून देतात. त्याचा अर्थ औषध मंजूर झालं असा होत नाही. अशा रुग्णांना डॉक्टर आजही आधी स्टेरॉइडच देतात आणि ते आपल्या मनानं थांबवून डबा उघडणं जिवावर बेतू शकतं.

निखाऱ्यावर टाकलेल्या खड्याबद्दल मात्र खात्रीनं सांगता येतं. आचेवर बॉस्वेलिक आम्लं जशीच्या तशी उडत नाहीत, ती मोडतात आणि धुरात त्यांचे तुकडे येतात. सकाळच्या धुपात आक्बा नाही आणि त्याचा भाऊही नाही.

म्हणून दुकानदाराचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. सालईतला सक्रिय घटक कोणता, असं कुणी विचारलं, तर शास्त्रज्ञानंही आधी त्याच्यासारखंच विचारावं: कशाला हवा? वासासाठी हवा तर तेल. बशीतल्या एन्झाइमसाठी हवा तर अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन असलेला. रक्तात भेटणारा हवा तर तो नसलेला. आणि मेंदूसाठी हवा असेल, तर आधी मेंदूतली कोणती सूज, ते सांगा. डबा एकच आहे. निवडायचं आहे ते त्यातून.